भुईवर प्यायची नाही अशी बाटली

प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात दारामागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकत असते. ती भरायला कुणी बसत नाही, तरी ती भरते, आणि एक पिशवी ओढायला जावं तर तिच्यामागून चार बाहेर येतात. आमच्या क्रूझच्या किश्श्यांचं तसंच झालंय. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात, कँटीनच्या टेबलावर कुणी नुसतं "बोट" म्हटलं तरी पुढची वीस मिनिटं कामाचं कुणी बोलत नाही. यातल्या बहुतेक किश्श्यांत हसं होतं ते माझंच. तक्रार तरी कुणाकडे करणार? सांगणाराही मीच असतो.

आधी माणसं सांगतो, फार नाहीत. मी पाटणकर, मूळचा कराडचा, गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला. माझी बायको मेघा. स्टोअर्समधला नित्या, हा सांगलीचा, डोक्यात रोज एक नवी आयडिया घेऊन येणारा. आणि खरेदी खात्यातले राव सार, 'सार' म्हणजे इकडच्या तोंडी 'सर'.

राव सारांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं, पण घरात अजून मराठी. ते बोलायला लागले की आपली पणजी तमिळ शिकून परत आली आहे असं वाटतं.

*

राव सारांच्या पहिल्या प्रमोशनला एका परदेशी गिऱ्हाइकाने त्यांना रमची बाटली भेट दिली. सार कधी प्यायलेले नव्हते, पण एकदा चाखून बघावी असं मनात होतं. बाटली पिशवीत घालून घरी नेली, तर दारातच अम्माने, म्हणजे त्यांच्या आईने, पिशवीत हात घातला.

अम्मा ओरडली नाही. बाटली ओतूनही टाकली नाही, कारण वस्तू वाया घालवणं हे त्या घरात पिण्याहून मोठं पाप. तिने बाटलीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं, त्यावर हळदीचा दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "माधवा, भुईवर पाय आहेत तंवर हें तोंडास लावायचें नाहीं. वचन दे."

सारांनी वचन दिलं. बाटली अम्माच्या कपाटात गेली, तिच्या औषधांच्या शेजारी.

अम्मा अठ्ठ्याऐंशी वर्षं ठणठणीत जगली. सार कौतुकाने सांगायचे, "गुडघा म्हणून कधीं दुखला नाहीं. सांजेस दिवा लावला, दोन चमचे औषध घेतलें, कीं निवांत झोंप." ती गेल्यालाही आता सहा वर्षं झाली. बाटलीला सारांनी हात लावला नव्हता.

यंदा सार रिटायर होणार होते. एका दुपारी दहीभात कालवता कालवता ते मला म्हणाले, "पाटणकर, समुद्र म्हणजे भुई नाहीं. होय कीं नाहीं?"

मी म्हटलं, "नाही, सार."

"मग एक झांकणभर. अम्मास दिलेला शब्द राखून. बाकी सगळें झालें पा, तेवढेंच राहिलें आहे."

त्याच संध्याकाळी आम्ही क्रूझ बुक केली. चेन्नई बंदरातून निघायचं, तीन रात्री समुद्रात, आणि परत चेन्नई. सारांच्या मिसेस लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळे ते एकटे आणि आम्ही तिघं.

*

बोटीचा नियम असा होता की बाहेरची दारू आत न्यायची नाही. दाखवलीत तर पावती देऊन ठेवून घेणार आणि शेवटच्या सकाळी उतरताना परत देणार. लपवलीत आणि सापडली तर डोळ्यांदेखत ओतून टाकणार.

नित्या म्हणाला, "सार, तुमची बाटली आपण लपवून नेऊ."

सार म्हणाले, "शब्द पाळण्यास लबाडी? नको. त्यांस खरें सांगेन. माणसेंच आहेत, ऐकतील."

आता सारांनी नाही म्हटल्यावर आम्ही गप्प बसायला हवं होतं. पण नित्याची आयडिया इतकी बिनतोड होती की ती वाया घालवणं आमच्याही जिवावर आलं. बोटीवर चांगला बार होता. तरी स्वतःची बाटली स्वतः आत नेण्यात काहीतरी पराक्रम आहे असं आम्हाला वाटलं. पराक्रमाची संधी क्वालिटी खात्यात फारशी येत नाही.

आयडिया होती नन्नारी सरबताची. उपळसरीच्या मुळांचं हे सरबत, उन्हाळ्यात इकडे घरोघरी. काळपट तांबूस रंग, रमचा सख्खा भाऊ शोभेल असा. नन्नारीच्या चार बाटल्या आणायच्या, रिकाम्या करायच्या आणि त्यांत रम भरायची.

रिकाम्या करायच्या हे बोलायला सोपं होतं. चार बाटल्यांचा पाक पातेल्यांत, डब्यांत, शेवटी कुकरमध्ये. मेघाने सक्त ताकीद दिली की एक थेंब मोरीत जाणार नाही. दहा दिवस आम्ही नन्नारी पीत होतो. अण्णा नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या दिवशी शेजारी कौतुकाने आले. पाचव्या दिवशी मला लिफ्टमध्ये बघून जिन्याने जायला लागले. शेवटचं पातेलं मेघाने शिऱ्यात घातलं आणि मला म्हणाली, "चोरटी दारू पिणाऱ्याच्या बायकोला निदान दारूचा त्रास होतो. मला सरबताचा होतोय."

*

मध्ये एका रविवारी नित्याला शंका आली. समुद्रावर आपल्याला पिणं झेपेल का? ट्रायल घेतल्याशिवाय प्रॉडक्शन सुरू करायचं नाही, हा तर आमचा धर्म.

म्हणून आम्ही चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो. एका कोळ्याला पटवून त्याच्या बोटीत बसलो. दारू नको, ट्रायल म्हणून शहाळं. मी स्ट्रॉ तोंडात घेतली, क्षितिजाकडे बघितलं, आणि दोन मिनिटांत शहाळं, सकाळची इडली आणि बहुधा आदल्या दिवशीचं नन्नारी, सगळं समुद्राला अर्पण केलं.

तोंड पुसत मी कोळ्याला तमिळमध्ये विचारलं, "किती आत आलोय आपण?"

तो म्हणाला, "सार, इंजिन अजून सुरू केलं नाही."

*

तरीही तयारी थांबली नाही. ती माझ्या हातात होती आणि मी ती जीव ओतून केली. चारही बाटल्यांत रम भरली, झाकणं आवळली आणि चोवीस तास टीपकागदावर उलट्या टांगल्या. एक थेंब गळला नाही. नित्याने त्याचे फोटो काढले. कारखान्यात इतकी स्वच्छ लीक टेस्ट मी आजवर केलेली नाही.

राव सारांनीही आपली बाटली माझ्याकडे आणली. म्हणाले, "तुम्हीं एकवार पाहून घ्या. गळायला नको." फडकं आणि दोरा सोडायचा प्रश्नच नव्हता, अम्माची गाठ होती ती. मी बाटली उजेडात धरली, हलवली, उलटी टांगली. रंग उत्तम, गाठ शाबूत, गळती नाही. "सार, एक नंबर माल आहे," मी म्हटलं. सारांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

*

बंदरावर सामान मशीनमधून गेलं आणि पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या एका बाईंनी माझी बॅग बाजूला घेतली. चार बाटल्या काढून ओळीने टेबलावर ठेवल्या. मागे रांगेत नित्या, मेघा आणि त्यांच्याही मागे राव सार, छातीशी आपली बाटली धरून.

"इदु एन्न सार?" हे काय, असं त्यांनी विचारलं.

"नन्नारी सरबत," मी म्हटलं. आवाज अजिबात कापला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

बाईंनी एक बाटली उचलली, फिरवली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "कंटेंट्स, डार्क रम. लीक टेस्ट, ओके. इन्स्पेक्टेड बाय, पाटणकर."

आता हे समजून घ्या. क्वालिटीत आमचा पहिला नियम असा की लेबल नसलेली वस्तू म्हणजे भंगार. एकोणीस वर्षं मी टेस्ट झाली की लेबल लावतो. हात आपोआप जातो. चारही बाटल्यांवर मी स्वच्छ अक्षरात, खऱ्या मालाचं नाव घालून, सहीसकट लेबल चिकटवलं होतं. आणि नित्या-मेघाने त्या बाटल्या दहादा हाताळूनही कुणाला काही वावगं दिसलं नाही. नित्याने तर नंतर कबूल केलं, "लेबल बघून मला उलट बरं वाटलं होतं रे."

बाईंनी वर बघितलं. "पाटणकर यारु?"

पाटणकर कोण, हे सांगायची मला गरज पडली नाही. माझ्या बायकोने आणि मित्राने एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं.

चारही बाटल्या बेसिनमध्ये गेल्या. दहा दिवसांचं नन्नारी डोळ्यांपुढे आलं.

पण खरी शिक्षा पुढे होती. राव सार टेबलापाशी आले. त्यांनी अम्माचं, वचनाचं, रिटायरमेंटचं, सगळं खरं खरं सांगायला सुरुवात केली. पण बाईंचा आता आमच्यापैकी कुणावर विश्वास उरला नव्हता. त्यांच्याही बाटलीवर माझं लेबल होतं. त्या म्हणाल्या, "सार, तुम्ही यांच्याबरोबरच ना?" पावती फाडली आणि बाटली आत ठेवून दिली.

सारांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

बोटीवरचे तीन दिवस लवकर सांगून होतील, कारण मी ते आडवा पडून काढले. पहिल्या संध्याकाळी मी ऐटीत बारच्या काउंटरवर गेलो, ग्लास उचलला, बोटीने एक हलका हेलकावा घेतला, आणि मी ग्लास तसाच ठेवून केबिनकडे पळालो. चार बाटल्या चोरून न्यायला निघालेला माणूस तीन दिवस मीठ घातलेल्या ताकावर होता. ते ताकही राव सार आणून देत होते.

"सार, बारमध्ये मिळते की रम," मी उशीतून म्हटलं. "एक झाकणभर घ्या ना. समुद्रच आहे."

"ती दुसरी बाटली, पाटणकर. अम्मानें त्या बाटलीबद्दल वचन घेतलें होतें. दुसरी प्यालों तर तें पिणें झालें. ही प्यालों तर वचन फिटलें."

"माझ्यामुळे गेली, सार."

"गेली कोठें? पावती आहे." त्यांनी खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "पण परत मिळेल तेव्हां चेन्नई आलेली असेल." ताकाचा पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

*

शेवटच्या सकाळी बोट धक्क्याला लागली. सगळे बॅगा घेऊन रांगेत. बाटल्या परत द्यायचं काउंटर बोटीच्या दारात होतं, आणि काउंटरवर त्याच बाई. सारांनी पावती दिली, बाटली घेतली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. दारापासून धक्क्यापर्यंत लोखंडी पूल, वीसेक पावलांचा, खाली पाणी.

निम्म्यावर जाऊन सार थांबले. त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं, पुढे धक्क्याकडे बघितलं, आणि बॅग खाली ठेवली.

"पाटणकर," ते म्हणाले, "ही भुई नव्हे."

मागे दोनशे माणसं बॅगा घेऊन उभी होती. कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, कुणीतरी हिंदीत. नित्या दोन्ही हात पसरून रांगेपुढे आडवा उभा राहिला. मेघा प्रत्येकाला सांगत होती, "वन मिनिट, वन मिनिट, ही इज रिटायरिंग." काउंटरवरच्या बाई धावत आल्या. सार हळदीचा दोरा सोडत होते. गाठ जुनी होती, पण त्यांनी ती तोडली नाही, सोडवली. फडक्याची घडी करून खिशात ठेवली. झाकण उघडलं, भरलं, डोळे मिटले आणि तोंडात ओतलं.

बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा भरून आलेले होते. मला वाटलं, पहिलीच वेळ, ठसका लागला असेल.

त्यांनी बाटली फिरवून माझं लेबल वाचलं. मग झाकण पुन्हा भरलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी प्यायलो. दहा दिवस तीच चव जिभेवर घेऊन फिरलो होतो, ओळखायला अर्धा क्षणही लागला नाही. घट्ट, गोड, सुंठ घातलेलं, घरी केलेलं नन्नारी सरबत. मला अम्माचं सांजेचं दोन चमचे औषध आठवलं.

बाई जवळ आल्या होत्या. त्यांनी बाटली घेऊन वास घेतला, लेबल वाचलं, पुन्हा वास घेतला आणि मला अगदी मनापासून विचारलं, "सार, तुम्ही नक्की काय तपासता?"

राव सारांनी बाटली परत घेतली, बॅग उचलली आणि उरलेली पावलं चालून धक्क्यावर उतरले. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले. मग आमची कुणाचीही वाट न बघता त्यांनी बाटली सरळ तोंडाला लावली.

"साखर जास्त झाली," ते म्हणाले. "अम्माचा हात सदा असाच."