ट्राकेनर घोडी आणि तीन दिवस

"मावशी, जाई पुढचा डावा पाय टेकवतच नाहीये. आणि उद्या इन्स्पेक्शन आहे!"

फोनवर सानिका रडत होती. ती टेक्सासमधल्या फ्रिस्कोत वाढलेली, शाळेत शिकवते. मी डॅलसजवळ घोड्यांची डॉक्टर आहे. जाईला तिनं शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं.

जाई ट्राकेनर, म्हणजे जर्मन वॉर्मब्लड. रक्त गरम-थंड असं काही नसतं. ओझं ओढणारे शांत घोडे कोल्डब्लड, अरबीसारखे चपळ ते हॉटब्लड, दोन्हींच्या मधले वॉर्मब्लड. ट्राकेनर पूर्व प्रशियातल्या शाही पागेत घडले. तिथल्या चिवट घोड्यांत अरबी आणि थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचं, रक्त मिसळून. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी भर हिवाळ्यात ते निर्वासितांच्या गाड्या ओढत पश्चिमेकडे आले. फार थोडे वाचले. अंगानं हलके, मान लांब, स्वभावानं हळवे. दुडकी, म्हणजे ट्रॉट, धरली की तरंगल्यासारखे दिसतात. इन्स्पेक्शनमध्ये जाणकार ही चाल, बांधा बघतात. पास झालेल्या घोडीलाच पैदाशीसाठी मान्यता मिळते.

मी तबेल्यात पोचले तेव्हा ट्रेनर डेल म्हणाला, "खांदा गेलाय, डॉक. पेनकिलर द्या, उद्यापुरती पळेल."

"नाही देणार. नियमात बसत नाही, आणि घोडीलाही त्रास."

मी खूर उचलला. हूफ टेस्टर म्हणजे मोठा चिमटा. त्यानं तळवा दाबत गेले. एका जागी जाईनं पाय हिसडला. तिथं सुरीनं थोडं कोरलं, तर काळा पू बाहेर आला. खुरात गळू झालं होतं. खांदा ठणठणीत.

"म्हणजे उद्या जमेल?" सानिकानं विचारलं.

"उद्या नाही."

"सो वी मिस इट. आपल्याकडे वर्षातून एकदाच होतं ते. पूर्ण वर्ष गेलं."

मी इन्स्पेक्टरबाईंना फोन केला आणि जे होतं ते सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी आम्ही ओक्लाहोमात आहोत. बरी झाली तर आणा."

तीन दिवस पाय शेकला, बँडेज बदललं. शुक्रवारी जाईला पळवून बघितलं. चारही पाय सारखे पडत होते. शनिवारी पहाटे सानिकानं ट्रेलर जोडला, मी शेजारी बसले.

रिंगणात जाई सुटली आणि आजूबाजूची माणसं कठड्याशी सरकली. इन्स्पेक्टरबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "लुक अ‍ॅट दॅट ट्रॉट." जाई पास झाली. सानिका माझ्या गळ्यात पडली. इतक्या वर्षांत माझी छाती अशी क्वचितच फुगली असेल.

लंगड्या घोड्याची तपासणी मी खुरापासूनच सुरू करते. वाकावं लागतं, एवढंच.