रक्ताचं बियाणं

“ओ भाऊ, तठे नका बसू! त्याले गोचीडना ताप व्हयेल शे!”

पारोळ्याला चढलेली, खिडकीतल्या म्हाताऱ्याच्या गावची बाई अशी ओरडली, की जळगावच्या गाडीतले निम्मे प्रवासी खिडकीतून उडी टाकायच्या बेतात आले. त्या गाडीत माशीलाही उभं राहून जावं लागत होतं, पण त्या म्हाताऱ्याशेजारची जागा रिकामी. भीतीपेक्षा माझे गुडघे जास्त कुरकुरत होते, म्हणून मी बसलो.

तो अंग चोरून आणखी खिडकीकडे सरकला. बैलाच्या गोचिड्या नखाखाली चिरडताना त्याला तो ताप लागला होता. नाका-हिरड्यांतून रक्त आलं, तरी हा वाचला. बरा होऊन दोन पावसाळे झाले होते. आता त्या रोगावर औषध शोधणारे लोक जळगावला त्याचं रक्त घेतात. कपाशीचं एकच जोमदार झाड निवडून बियाणं धरावं, तशी रोगाशी लढणारी एक पेशी त्यातून निवडतात आणि तिचंच पीक काढतात, असं त्याने मला समजावलं.

“म्हणजे नाना, औषध जमलं तर तुम्ही दिल्लीपासून दुबईपर्यंत लोकांच्या अंगात फिरणार,” मी म्हणालो.

“पोळाले मना दारशी कोनी बैल आनत नही,” तो म्हणाला.

जळगावला उतरताना मी विचारलं, “सारखी सुई टोचून घ्यायचा कंटाळा येत नाही?”

“तठे कोनीतरी मना हात धरस.”