साडेतीन इंच

"सीट चार इंच खाली घ्या, म्हणजे मला बसता येईल."

"सुताराकडे आली आहेस का तू? चेसी आहे ती, खाट नव्हे."

"खाटेचे पाय कापलेच की तुम्ही. आईंना उतरता येईना म्हणून."

"खाट लाकडाची होती."

"आई तुमच्या होत्या, म्हणून कापलेत. माझा गुडघा काय, परक्या घरचा."

काकांनी हातातली कानस खाली ठेवली. काकूने पदर खोचला आणि गुडघ्यावरचा पट्टा चाचपत ती अकरा पायऱ्या चढून वर गेली. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या. त्यामुळे त्यांची भांडणं कायम पायऱ्यांवर संपतात.

माझे काका मोटरसायकलींच्या चेसी सरळ करतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अपघातात वाकलेली गाडी आली की ते हँडलच्या मानेपासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणतात, एक डोळा मिटतात आणि बघतात. मग तापव, दाब, पुन्हा दोरी. त्यांच्याकडून निघालेली चेसी सुतासारखी सरळ. कधी तरुण पोरं जुन्या गाड्यांच्या चेसीची सीटमागची शेपटी कापून घ्यायला येतात. "कंपनीने हा पाइप काय शोभेला दिला होता?" असं अर्धा तास ऐकवून काका ती अशी कापून देतात की सांधा शोधून सापडत नाही.

पण त्यांच्या स्वतःच्या गाडीला हात लावायचा नाही. लग्नाआधी भंगारातून दोन पोत्यांत भरून आणलेली ती गाडी. इंजिन बदलतं, टाकी बदलते, चेसी बदलली की गाडीच बदलली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेले तीन महिने ती खोलून पडली होती. इंजिन टेबलावर जुन्या चादरीखाली, टाकी दोनदा रंगवून दोनदा खरवडलेली, आणि चेसी नुसती, छताच्या कडीला पट्ट्याने टांगलेली.

मी काकूच्या मागोमाग वर गेले. "फार दुखतो का गं गुडघा?"

काकू उकिडवी बसून ओट्याखालची बटाट्यांची टोपली ओढत होती. टोपली घेऊन ती टुणकन उभी राहिली. "कोणता?"

मी तिच्या गुडघ्याकडे बघितलं.

"दार लोटून घे," ती म्हणाली. "सिग्नलला पडलो ना आम्ही, तेव्हाचं सांगते. खुब्याच्या ऑपरेशनपासून त्यांचा पाय पूर्वीसारखा पोचत नाही. टेकला नाही, गाडी कलली ती कललीच. मी आपली उतरल्यासारखी पडले. दोन पोरांनी गाडी उचलून दिली, त्यातला एक म्हणाला, आजोबा, जपून. घरी येऊन हे सांगतात, तेल सांडलं होतं. रस्ता परातीसारखा कोरडा. दुसऱ्या दिवशी गाडी खोलून बसले. रंगाला महिना, नटांना महिना. जोडायचीच नाहीये त्यांना."

"मग सांग की सरळ, तुमच्यासाठी कापा म्हणून."

"स्वतःसाठी चष्म्याचा नंबर बदलत नाही तो माणूस. चेसी कापेल?" तिने बटाटे पाण्यात टाकले. "रविवारी धरणापर्यंत जाऊन येतो आम्ही. चौतीस वर्षं झाली. बोलत नाही फारसं. पण जातो."

दुसऱ्या दिवशी काका तडजोडीला आले. "फक्त मागची बाजू उतरवतो."

"म्हणजे तुम्ही सिंहासनावर आणि मी पाटावर? समोर नुसती तुमची पाठ."

"चौतीस वर्षं पाठच बघतेस."

"खांद्यावरून रस्ता दिसतो मला. सीट उतरवायची तर सबंध."

"सबंध म्हणजे मुख्य सांध्याशी कापावं लागेल."

"कापा की. लोकांच्या कापताना बरा हात चालतो. आपली ती चेसी आणि दुसऱ्याचं ते भंगार."

मी हसले. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झाडू शोधायला गेले. त्यांनी काकूला भिंतीशी उभं केलं, टाचेपासून मांडीपर्यंत दोरी धरली, गाठ मारली आणि दोरी खिळ्याला अडकवली.

सकाळी त्या दोरीला अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन गाठी होत्या.

"साडेतीन पुरे," काका म्हणाले.

"मी चार सांगितले होते."

"साडेतीन."

देवापुढे गाऱ्हाणं घालावं तसे ते खडूच्या खुणेसमोर तासभर बसले. लोकांच्या गाड्यांना ते ग्राइंडर लावतात, इथे त्यांनी हॅकसॉ घेतली. सीटखालचे दोन्ही पाइप हातानेच कापले. सांध्याच्या आत बरोबर बसेल अशी नळी ठोकली, म्हणजे सगळा भार वेल्डिंगवर नको. खालचे आधार तेवढेच आखूड केले, शॉकॲब्सॉर्बरही आखूड आणले. मानेवर कोरलेल्या चेसी नंबरापाशी ठिणगी जाऊ नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं होतं. शेवटी पुन्हा दोरी ताणली आणि एक डोळा मिटला. कापून निघालेले पाइपाचे तुकडे त्यांनी कचऱ्यात टाकले नाहीत. शर्टाच्या खिशात घातले. खिसा लोंबायला लागला.

चौथ्या दिवशी दुपारी चाकं चढवून सीट ठेवली. इंजिन अजून टेबलावरच होतं. काकू चहाचे कप घेऊन खाली आली, कप बाकावर ठेवले आणि मागे बसून पाहिलं.

"जमतंय?"

"अगदी. आता तुम्ही पुढे बसा."

"मला काय बघायचंय त्यात?"

"अहो, गाडी धरायला नको का कुणी? मी पडेन."

काका बसले. दोन्ही टाचा जमिनीवर सपाट. त्यांनी गाडी डावीकडे कलवली, परत आणली, उजवीकडे कलवली, परत आणली. मग पुन्हा एकदा, उगाचच. काका आपल्या टाचांकडे बघत होते आणि काकू त्यांच्या खांद्यावरून दारातला रस्ता बघत होती.

"रविवारपर्यंत इंजिन बसेल," काका म्हणाले. मागे न वळता म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"दीड महिना पट्टा डाव्या गुडघ्याला होता. आज उजव्याला आहे. दुखतो नक्की कोणता?"

काकू उतरली. तिने बाकावरचे कप उचलले, काकांचा न प्यायलेलासुद्धा, आणि दोन्ही हात भरलेले असताना, कठड्याला न धरता, अकराच्या अकरा पायऱ्या चढून गेली.