दुबई ते मुंबई तीन तास, आणि पुढं?

पप्पा गेले त्या दिवशी मी मोबाईलवर सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट टाईप केली. दुबई ते मुंबई विमान किती तास. दर वेळी तेच यायचं, तीन तास, जरा इकडं-तिकडं. समुद्रावरनं एक सरळ रेघ. मधे ना गाव, ना गतिरोधक.

दादा तिकडं दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर. पप्पा पहाटे गेले, त्याला दुपारचं विमान मिळालं. मी अंगणात ओरडूनच सांगितलं, तीन तासात येतोय!

आत्या म्हणली, "तीनच? तेवढ्यात तर माझं दळण बी होत न्हाय."

रडता रडता दोघी-तिघी हसल्या. दादा आल्याशिवाय माती न्हाय, ठरलं.

मुंबई ते आमचं कळंब कुणी धरलंच नव्हतं. मी धरलं, तर गाडीनं विमानाच्या तिप्पट.

"सोलापूरला उतरत न्हाय का त्ये?" काका म्हणले.

"दुबईवरनं न्हाय ओ, काका."

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत न्हाईत, बसवतात. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, आणि तसंच बसवून मातीत ठेवतात. काकांनी बर्फाच्या पेटीसाठी फोन लावला. पेटीवाला म्हणला, "त्यात झोपवावं लागतंय ओ." संपलं. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. दुपारपर्यंत पप्पांचं तोंड काळवंडायला लागलं. आत्या उदबत्तीवर उदबत्ती लावत होती, कशासाठी ते कुणीच बोलत नव्हतं.

शेवटी विधीला आलेले स्वामी हळूच म्हणले, "पोरगा यील. पर तवर बघण्यासारखं ऱ्हायचं न्हाय."

काका माझ्याकडं वळले. "टाक ग्रुपवर. माती पाच वाजता."

"काका, दादा बी हाय की ग्रुपवर!"

"असू दे. मला तर त्येला फोनवर सांगणं व्हायचं न्हाय."

मी लई भराभर टाईप करते, मैत्रिणी चिडवतात त्यावरनं. ती एक ओळ दोनदा पुसली. पाठवल्यावर हात जोडलेले इमोजी धडाधड यायला लागले. दादाचं काहीच न्हाय. तो वर होता, त्या रेघेवर कुठंतरी. तिथं त्याच्यासाठी पप्पा अजून भिंतीला टेकून वाट बघत होते.

मातीहून आलो, आंघोळी चालू होत्या, तेव्हा फोन आला. मागं विमानतळाचा गोंगाट.

"झालं का?"

"व्हय."

मग म्हणला, "पासपोर्टच्या लाईनीत सगळ्यांच्या पुढं घुसलो गं. बाप वाट बघतोय म्हणून सांगितलं, लोकांनी जागा पण दिली. मग मोबाईल चालू झाला."

मी फोन घेऊन गर्दीतनं बाजूला झाले.

"बाहेर गाडीवाला थांबलाय," तो म्हणला. "त्येला जोरात हाण म्हणलो होतो."

"मग?"

"आता सांगतो, हळू घे."