मामांची उन्हाची पायरी

चष्म्याच्या दुकानात मोडक्या काड्या कुणी फेकत नाही. कधीतरी लागतील म्हणून त्या डब्यात टाकल्या जातात आणि एक दिवस डब्याचं झाकण बसेनासं होतं. किश्शांचंही तसंच. बहात्तरच्या दुष्काळानंतर दौंडला स्टेशनजवळच्या एका दुकानात मी सात-आठ वर्षं सेल्समन होतो. डबा केव्हाच भरलाय, त्यातले थोडे काढतो.

दुकानाचे मालक म्हणजे मामा. माझे कुणी लागत नव्हते, पण गिऱ्हाइकं मामा म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. उजेड सोसत नाही म्हणून काळा चष्मा घ्यायला कुणी आलं की तो चढवून आधी दुकानाच्या पायरीवर बसायचं. भर दुपारी, एक विडी ओढून होईल इतका वेळ. मगच घ्यायचा की नाही ते बोलायचं. गिऱ्हाईक आरशाकडे वळलं की मामा आरसाच पालथा घालायचे.

"आरशात काय बघता? ऊन भाईर हाय."

मला हा नियम मुळीच पटायचा नाही. आरशात बघून खूश झालेलं गिऱ्हाईक पायरीवर बसून विचार बदलायचं, हे मी कितीदा पाहिलं होतं.

◆

मे महिन्यात राहूचा दत्तू बायकोला घेऊन आला. कौसल्या तिचं नाव. लहानपणीच्या दुखण्यात तिचे डोळे अधू झाले होते. उजेड पडला की पाणी लागायचं, पापणी उघडायचीच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काळा चष्मा सतत वापरा, नाहीतर एखाद दिवशी विहिरीत पडाल. पदर नाकापर्यंत ओढून, दत्तूचं बोट धरून ती आली होती.

मी कपाटातला सगळ्यात महागडा काढला. मामांनी तो बाजूला सारला आणि साधी धुरकट काच, साधी फ्रेम काढली. दोन्ही कडांना चांभाराकडून शिवून आणलेल्या कातड्याच्या पट्ट्या लावल्या.

"उजेड कडंनं शिरतो. त्याला आधी आडवायचा. आन् पदर काढू नको पोरी, पुढं आसाच ऱ्हाऊ दे. फुकटची सावली हाय ती."

ती पायरीवर बसली. हळूच म्हणाली, "समोर कडुनिंब हाय व्हय?"

लग्नापासून ती त्या रस्त्यानं येत-जात होती. मी उगाच काचा पुसत बसलो.

◆

मामा जेवायला गेले होते तेव्हाची गोष्ट. न्हावऱ्याच्या एका शेतकऱ्याला मी पायरीबियरी न करता हिरव्या काचेचा चष्मा विकला. डोळ्याला कसं थंड वाटतं, हे त्याला पटवून दिलं.

आठ दिवसांनी तो परत आला. वाळवायला तांबड्या मिरच्या तोडायला तो शेतात उतरला होता. हिरव्या काचेतून तांबडी काय नि हिरवी काय, सगळी काळपटच. पठ्ठ्यानं तीन सऱ्या कोवळ्या हिरव्या मिरच्या तोडून खळ्यावर पसरल्या होत्या.

"डोळं थंड झालं, पर घरी लई पेटलंय," तो म्हणाला.

मामांनी त्याला काच बदलून दिली. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर एक तांबडी आणि एक हिरवी मिरची ठेवलेली असे. चष्मा लावून दोन्ही ओळखून दाखवायच्या. बाजारच्या दिवशी ताज्या मिरच्या आणायचं काम माझ्याकडे लागलं, शिक्षा म्हणून.

◆

शिरूरच्या एका शिंप्याला मी सगळ्यात गडद चष्मा दिला होता. त्यानं पांढऱ्या सदऱ्याला खाकी दोरा घातला. सदरा फौजदाराचा होता.

मामा मुद्दाम एस.टी.नं त्याच्या दुकानात गेले. पाहतात तर मशिनचं तोंड थेट दाराकडे, ऊन सरळ डोळ्यांत. त्यांनी मशिन उलटं फिरवलं, त्याचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात घातला आणि पैसे परत केले.

"मामा, दाराकडं पाठ केली तर गिऱ्हाईक आलेलं कळंल कसं?"

"तुझ्याकडं कापड गेलेलं गिऱ्हाईक गप ऱ्हातंय व्हय?"

◆

इनामगावला जुन्या वस्तीचं खोदकाम चालू होतं. तिथला एक मजूर आला. पांढऱ्या मातीवर ऊन पडून डोळे दिपतात म्हणाला. पायरीची परीक्षा पास, मिरच्यांची पास. चार दिवसांत चष्मा परत!

"साहेब म्हणत्यात माती कुठं संपती आन् राख कुठं लागती ते सांग. ह्यातनं दोन्ही येकच दिसतंय."

मामा पहिल्यांदाच हरलेले मी पाहिले. त्यांनी त्याला रुंद काठाची गवती टोपी आणून दिली. तेव्हापासून मिरच्यांशेजारी एका बशीत माती आणि दुसरीत राख आली. दुकान चष्म्याचं आहे की किराण्याचं, असं लोक विचारू लागले.

◆

पावसाळ्यानंतर कौसल्या पुन्हा आली. कपाळावर खोक पडलेली. गोठ्याच्या खांबावर आपटली होती.

"चष्मा कुठाय?" मामांनी विचारलं.

तिनं पिशवीतून काढला. रुमालात गुंडाळलेला, नवाकोरा.

"रानात घालती. घरात आबा आसत्यात."

आबा म्हणजे तिचे सासरे. त्या काळी थोरांपुढे काळा चष्मा लावून उभं राहणं म्हणजे माज. तरणे गडीसुद्धा वडील दिसले की गॉगल खिशात घालायचे, तिथं सुनेची काय कथा! आबा तिला कधी टाकून बोलले नव्हते. पण ते घरात असले की हिचा चष्मा रुमालात.

"चुलीचा जाळ तर उन्हाहून वंगाळ," ती म्हणाली. "भाकरी अंदाजानं टाकती."

तिच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते. मामांनी चष्मा पुसून पुन्हा तिच्या हातात दिला. मला तर राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना.

◆

पंधरा दिवसांनी एक म्हातारा दुकानात शिरला. पागोटं, धोतर, हातात काठी. राहूचा, दत्तूचा बाप. खुद्द आबा.

"काळा चष्मा द्या. स्वस्तातला."

"डोळ्याला काय होतंय?" मामांनी विचारलं.

"कुठं काय? रुळावरची गाडी सिग्नलापल्याड दिसती मला."

"मग कशाला?"

"घालायला."

मामांनी चष्मा दिला. आबा सांगितल्याबरोबर पायरीवर जाऊन बसले, दोन्ही मिरच्या ओळखल्या, राख ओळखली, पैसे दिले आणि चष्मा तसाच लावून स्टँडकडे गेले.

पुढं थंडीत दुसऱ्या एकाचा चष्मा पोचवायला मी आणि मामा राहूला गेलो. परतताना दिवस मावळला होता. आबा ओट्यावर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारचा पाण्याचा तांब्या हातानं चाचपून शोधत होते.

मामांनी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. "आबा, अंधार पडला की. आता तरी काढा."

आबांनी आतल्या दाराकडे मान वळवली. आत चुलीपुढं कौसल्या बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. आबांनी आवाज खाली आणला.

"भाकरी व्हायच्यात आजून तिच्या."