तुंगाच्या नावची मंजुरी

नाव : प्रल्हाद उडुपा. वय : कंपनीच्या नोंदीनुसार एकोणपन्नास, केसांच्या रंगानुसार पस्तीस. हुद्दा : उपाध्यक्ष, गुणवत्ता, सचोटी व व्यावसायिक आचार. कार्यक्षेत्र : बंगळुरातल्या महादेवपुरा कचेरीचा तिसरा व चौथा मजला, मधला जिना धरून. कर्तव्ये : कर्मचाऱ्यांमध्ये नैतिक मूल्यांची रुजवण, संवर्धन व तिमाही मोजमाप. भाषा : कन्नड, तुळू, इंग्रजी आणि आईसमोर संस्कृत. विशेष प्रावीण्य : कोणत्याही वाक्याच्या शेवटी ‘अर्थात प्रक्रियेला धरून’ हे शब्द बसवणे. दोष : आढळलेला नाही. आढळला, तेव्हा तो तुंगा हळेमनीच्या नावावर होता.

उडुपा मूळचे कुंदापूरचे. पदवी घेऊन बंगळुरात आले तेव्हा इतरांसारखेच प्रोग्रॅम लिहायला बसले. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की जो प्रोग्रॅम लिहितो तो जेवणवेळ चुकवून घरी जातो, आणि ‘कुठपर्यंत आलं?’ असं त्याला विचारणारा उजेड असतानाच घरी पोचतो. एवढ्या निरीक्षणावर त्यांचं पुढलं आयुष्य उभं राहिलं. ते विचारणाऱ्यांत गेले. पुढे परदेशी गिऱ्हाइकं करारात अट घालू लागली, की आमचं काम करणाऱ्या प्रत्येकाला सदाचाराचं शिक्षण मिळालेलं असावं. त्यासाठी एक प्रमुख नेमणं भाग होतं. शोध घेतला गेला. ज्याच्याकडे दुसरं काही काम नाही असा वरिष्ठ माणूस एकच निघाला.

सदाचाराचं शिक्षण म्हणजे वर्षातून एकदा लॅपटॉपवर पाहायचा एक बोलपट. त्यात टाय घातलेला एक पोपट प्रत्येक धड्याच्या शेवटी ‘मग तुम्ही काय कराल?’ असं विचारायचा आणि चार उत्तरं द्यायचा, त्यातली तीन एखाद्या दरोडेखोरालाही लाज वाटावी अशी. शंभर टक्के माणसांनी तो पाहिला, असा दाखला गिऱ्हाइकाला गेला पाहिजे. माणसं मात्र कामात असत, आणि पोपट भरभर पुढे सरकवता येत नसे.

यावर उडुपांनी काढलेला तोडगा मजल्यावर फार लोकप्रिय होता. ते सगळ्यांचे पासवर्ड मागून घेत आणि प्रत्येकाच्या नावानं आपणच पोपट पाहत. पाहत म्हणजे आवाज बंद करून लावून ठेवत, आणि शेजारी मद्दूर वडा खात बसत. सहावा धडा असा होता : आपला पासवर्ड कुणालाही, अगदी वरिष्ठांनाही, सांगू नका, सांगितल्यास बडतर्फी. हा धडा उडुपांनी मजल्यावरच्या झाडून सगळ्यांच्या नावानं उत्तीर्ण केला. स्वतःच्या नावानं तेवढा राहून गेला असं म्हणतात, पण ती लोकांची जीभ.

‘असा साहेब मिळायला भाग्य लागतं,’ असं लोक म्हणत. आणि दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड ठेवायची सक्ती होती, तिचा कुणाला अडसर वाटत नसे. आयटीतली माणसं नवा पासवर्ड कसा करतात ते सर्वांना ठाऊक आहे : जुन्याच्या शेवटचा आकडा एकानं वाढवतात. उडुपा फार शिकलेले नसतील, पण एक मिळवणं त्यांना जमत होतं.

तुंगा हळेमनी गदगची. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून पाहायचं, हे तिचं काम. कंपनीत त्याला परीक्षण म्हणतात. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्यापुढे येई. पडद्यावर दोन बटणं असत : ‘मंजूर’ आणि ‘रोखा’. दाबणाऱ्याचं नाव कायमचं चिकटे. तिनंही पासवर्ड दिला होता. बिसीबेळे भात खाता खाता, चमचा तोंडात असताना, कागदाच्या रुमालावर लिहून दिला होता. उडुपांबद्दलचा तिचा तिरस्कार तेव्हा अजून कोवळा होता.

गिऱ्हाईक न्यूझीलंडमधलं होतं, औषधांच्या दुकानांची एक साखळी. बाटलीवर चिकटणारी ‘किती घ्यावं’ ही चिठ्ठी या कंपनीचा प्रोग्रॅम छापत असे. नव्या आवृत्तीत तुंगाला सापडलं ते असं, की लहान मुलाची चिठ्ठी दुसऱ्यांदा छापली की प्रोग्रॅम मुलाचं वजन विसरतो आणि मोठ्या माणसाचा डोस छापतो.

प्रोग्रॅम लिहिणारा मल्लेश शेजारीच बसायचा. तिनं त्याला पडदा दाखवला.

“अक्का, दुसऱ्यांदा चिठ्ठी कोण छापतं?” तो म्हणाला.

“ज्याची पहिली फाटते तो.”

“मग तो बघेल की!”

“काय बघेल? डोस बघायला तर चिठ्ठी छापतात, मल्लेश.”

मल्लेशनं डोकं खाजवलं. दुरुस्तीला आठवडा लागेल, म्हणाला. तुंगानं ‘रोखा’ दाबलं, कारण लिहिलं आणि बहिणीच्या डोहाळजेवणासाठी गदगला निघून गेली.

उडुपांना तिमाहीची काळजी होती. आवृत्ती वेळेवर गेली नाही तर तक्त्यात त्यांच्या चौकटीचा रंग हिरव्याचा पिवळा होणार होता. ते मल्लेशजवळ आले, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“मुलं किती टक्के असतील रे?”

“कुठली मुलं सर?”

“न्यूझीलंडची. ज्यांची चिठ्ठी फाटते ती.”

“माहीत नाही सर.”

“म्हणजे नगण्यच,” उडुपा म्हणाले. “पुढच्या आवृत्तीत बघू. अर्थात प्रक्रियेला धरून.”

तुंगा परतली तेव्हा आवृत्ती न्यूझीलंडला पोचली होती. पडद्यावर ‘रोखा’च्या जागी ‘मंजूर’ होतं आणि खाली नाव होतं तुंगा हळेमनी. ज्या वेळेला ते बटण दाबलं गेलं, त्या वेळेला ती गदगच्या घरात बहिणीच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. पाठोपाठ न्यूझीलंडहून तक्रार आली : एका बाईनं तान्ह्या नातवासाठी नेलेल्या बाटलीवरचा डोस पाहून तिला शंका आली आणि ती बाटली घेऊन दुकानात परत आली. मूल सुखरूप होतं, कारण आजी वाचणारी होती. गिऱ्हाइकानं एकच प्रश्न विचारला होता : याला मंजुरी कुणी दिली?

तुंगा सरळ उडुपांच्या काचेच्या खोलीत गेली.

“सर, माझ्या नावानं तुम्ही दाबलंत.”

“बस ना तुंगा. कॉफी? अर्धी अर्धी घेऊ.” उडुपांनी एकाच कॉफीचे दोन अर्धे कप मागवले. “कसं झालं डोहाळजेवण?”

“सर.”

“हे बघ, ‘तुम्ही दाबलंत’ ही भाषा बरोबर नाही. तू रजेवर होतीस. तुझं काम अडू नये म्हणून ते तुझ्या वतीनं झालं. याला आपल्याकडे सहकार्य म्हणतात. आणि समितीपुढे तू काय सांगणार? पासवर्ड दिला होता म्हणून? धडा सहावा, बाळ. ते थेट बडतर्फीचं कलम आहे.”

“धडा सहावा मी पाहिलाच नाही सर. माझ्या नावानं तुम्ही पाहिलात.”

“आणि पहिल्या फटक्यात पास झालीस,” उडुपा प्रेमानं म्हणाले.

असल्या माणसाचा राग धरायला काही पकडच मिळत नाही. उडुपा खोटं बोलत नव्हते. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं. त्यांच्या लेखी मंजुरी ही एक चौकट होती, ती भरायची असते, आणि त्यांनी ती भरली होती. तिच्यात कुणाचं नाव पडलं, हा योगायोग. तुंगानं कॉफीला हात लावला नाही. उडुपांनी तिचा अर्धा कपही पिऊन टाकला, वाया जाऊ नये म्हणून.

सचोटी समिती दुसऱ्या दिवशी बसली. अध्यक्ष उडुपा. सदस्य म्हणून मनुष्यबळ खात्याच्या जसिंता लोबो मॅडम, हिशेबखात्याचे एक सद्गृहस्थ, आणि साक्षीला मल्लेश. मधे बिस्किटांची बशी. तुंगाचं सगळं एका गोष्टीवर टांगलेलं होतं : ते ‘मंजूर’ तिचं ठरलं, तर नोकरी जाणार, आणि पुढे ज्या ज्या कंपनीत ती जाईल तिथे ही नोंद तिच्याआधी पोचणार. या शहरात जुनी कंपनी नव्या कंपनीला माणसाबद्दल दोन ओळी लिहून कळवते, आणि त्या दोन ओळींवर माणसाचं तोंड कायमचं काळं करता येतं.

“मी बटण दाबलं नाही,” तुंगा म्हणाली. “माझा पासवर्ड उडुपा सरांकडे आहे. तुमचाही आहे, लोबो मॅडम. तुमचा पोपट कुणी पाहिला?”

जसिंता मॅडमनी एक बिस्कीट उचललं आणि त्यावर छापलेली नक्षी निरखायला सुरुवात केली. हिशेबखात्याच्या सद्गृहस्थांना एकाएकी मोबाईलमध्ये काहीतरी तातडीचं सापडलं.

“मल्लेश, तू सांग.”

“मी… मी स्वतःच पाहिला, अक्का.”

“शेवटी पोपट काय विचारतो?”

“काय विचारतो म्हणजे… इंग्रजीत विचारतो.”

“व्यक्तिगत प्रश्न नकोत,” उडुपा म्हणाले. “आरोप गंभीर आहे, तेव्हा रीतसर चौकशी लावू. महिना-दीड महिना लागेल. सगळे पुरावे गोळा करू, प्रक्रियेला धरून.”

“आणि तोवर ती आवृत्ती?”

“ती कशी हलवणार? मंजुरीच चौकशीत आहे. जिच्यावर वाद आहे ती गोष्ट तशीच ठेवावी लागते.”

“म्हणजे तोवर चिठ्ठ्या अशाच छापायच्या?”

“दुकानदारांना काळजी घ्यायचा मेल गेलाय ना,” जसिंता मॅडम बिस्किटाला म्हणाल्या.

“आत्ता, आजच्या आज थांबवायची असेल तर?”

उडुपांनी नियम बघितला नाही. तो त्यांना पाठ होता, कारण त्यांनीच लिहिला होता. “मंजुरी देणाऱ्यानं ती स्वतः मागे घेतली तर आवृत्ती लगेच उतरते. पण मग ती मंजुरी आपली होती असं त्यानं मान्य करायला हवं. नाही का? जी आपली नाही ती मागे कशी घेणार?”

तुंगानं एकेकाकडे पाहिलं. शिकलेली माणसं होती. प्रत्येकाच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र, त्याच्या मागच्या बाजूला कंपनीची मूल्यं छापलेली, सचोटी सगळ्यांत वर. तिला हसू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

“महिना-दीड महिना,” ती म्हणाली. “आणि वाचणारी आजी प्रत्येक घरी असते असं धरून चालायचं.”

“तुंगा, भावनेच्या भरात काही करू नकोस,” उडुपा म्हणाले. त्यांचा सूर खरोखरच काळजीचा होता. हिरव्या चौकटीबद्दलही तो तसाच लागत असे.

“भावना कसली सर? मी परीक्षक आहे. चुकीची वस्तू बाहेर गेली की परत बोलावते. एवढंच येतं मला. तुम्हाला काय येतं ते इतक्या वर्षांत मला शोधता आलेलं नाही, आणि शोधणं हाच माझा धंदा आहे.”

हिशेबखात्याच्या सद्गृहस्थांना ठसका लागला. मल्लेश मान खाली घालून बसला होता. तुंगानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर प्रश्न आला : ही मंजुरी आपली आहे काय? तिनं ‘होय’ म्हटलं, मंजुरी मागे घेतली, आणि आवृत्ती उतरल्याचा निरोप न्यूझीलंडहून येईपर्यंत जागची हलली नाही. आल्यावर बशीतली उरलेली बिस्किटं रुमालात बांधली आणि बाहेर पडली. दारात मल्लेश मागून आला.

“अक्का, चुकलं माझं.”

“प्रोग्रॅममध्ये की आत?”

मल्लेशनं मागे वळून समितीच्या खोलीकडे पाहिलं.

“प्रोग्रॅममधलं दुरुस्त कर,” ती म्हणाली. “त्याचं औषध आहे.”

समितीचा निर्णय त्याच आठवड्यात निघाला : ‘कर्मचारी तुंगा हळेमनी यांनी सदोष आवृत्तीस मंजुरी दिल्याचे स्वेच्छेने मान्य केले असून, त्यांचे वर्तन व्यावसायिक आचारसंहितेशी विसंगत असल्याने त्यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे. प्रस्तुत प्रसंगी समिती अध्यक्षांनी दाखविलेली तत्परता, निःपक्षपातीपणा व नैतिक नेतृत्व यांची व्यवस्थापनाने विशेष दखल घेतली आहे.’

त्या बाटलीत कसलं औषध होतं, हे उडुपांनी अजून विचारलेलं नाही.