साडेबारा हजार किलोमीटरचा केर

अकोटच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. एका रेखांशाला चार मिनिटं, हे ज्याला सांगता आलं नाही त्याला बाकावर उभं केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कुठं उभं करायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

मुलगी नोकरीसाठी न्यूयॉर्कला निघाली. पहिल्यांदाच, एकटी. मी महिनाभर पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुंबई ते न्यूयॉर्क मोजत होतो. साडेबारा हजार किलोमीटर. भाजीवालीलाही सांगितलं. ती कोथिंबिरीची जुडी पुढं करत म्हणाली, "बरं. सांबार देऊ काय?"

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. घरात रोज बुद्धवंदना होते, बाकीच्या रूढी माझ्या आईनंच चुलीत घातल्या. ही एक मात्र बायकोनं जपली. मी चिडवायचो, "नागपूरचा केर ठीक आहे. अमेरिकेचा किती साचंल?"

"साचू द्या," ती म्हणाली.

मुलगी सकाळी घरून निघाली. मुंबईहून विमान रात्री एक पन्नासचं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा घरभर धूळ, त्यात पलीकडच्या जिनिंगमधून उडून आलेली कापसाची रुई. बायकोनं विचारलं, "पोचली काय पोरगी?"

मी मोबाइलवर तिकीट उघडलं. न्यूयॉर्क, सकाळी साडेसात. भिंतीवरच्या घड्याळात साडेसातच वाजले होते.

"पोचली ना. झाडून घे आता."

तिनं झाडलं, केर मागच्या बादलीत टाकला आणि आंघोळीला गेली. मी ऐटीत मुलीला मेसेज केला. एकच टिक. फोन लावला, बंद. मग मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं. साडेबारा हजार. दोरा बरोबर होता! खाली प्रवासाचा वेळ होता, सोळा तास. मी पोरीला पावणेसहा तासांत पोचवलं होतं. तेवढ्या वेळात आमची एसटी अमरावतीला जाऊन परत येते. साडेसात तिथले, म्हणजे इथले संध्याकाळचे सहा. पोरगी अजून हवेत होती आणि मी तिच्यामागं घर झाडून घेतलं होतं.

मला भीती वाटली. अंधश्रद्धेवर शाळेत भाषणं ठोकली होती, तरी वाटली. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता तोवर मी बादली उचलून आणली आणि बैठकीत मुठीमुठीनं केर पसरू लागलो.

"हे काय करून राहिले तुमी?"

दारात बायको, ओल्या केसांनी. सगळं सांगावं लागलं. आता माझी काही धडगत नाही असं वाटलं. पण ती माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि बादली स्वतःकडे ओढली.

"सारा इथंच नका टाकू. पोरीच्या खोलीतून जास्त निघाला होता."

दोघांनी मिळून पसरला. केरात मुलीची केसांची पिन होती, तीही आरशाखाली होती तिथं ठेवली. दिवसभर आम्ही त्या धुळीतून जपून पाय टाकत फिरलो.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. "बाबा, पोचली मी."

 मी फोन बायकोकडे दिला. ती आधी जेवणाचं बोलली, मग थंडीचं. फोन ठेवून तिनं कोपऱ्यातला झाडू आणून माझ्या हातात दिला.

"घ्या, झाडा आता. अन् घड्याळाकडं पाहू नका."